चाळीसपेक्षा मोठा, नव्वदपेक्षा लहान

नमस्कार. अस्सलाम आलैकुम.

मी सफिया. घरत बाईंची विद्यार्थिनी. मुंबईत गणित शिकवते. सकाळच्या लाँचने मांडव्याला उतरले, तेव्हा बोलायचं ठरवलं नव्हतं. पण मागचा फलक वाचला. ‘गणिताच्या आदर्श शिक्षिका.’ आता गप्प बसवत नाही.

मंडळी, मी नववीत होते. आपल्या संस्थेच्या सगळ्या शाळांची एक परीक्षा झाली. प्रश्न होता: लघुकोन त्रिकोणाचा एक कोन पन्नास अंश आहे. दुसरा कोन कोणत्या मर्यादेत असेल? मी लिहिलं, चाळीसपेक्षा मोठा आणि नव्वदपेक्षा लहान. चूक दिली. छापील उत्तर होतं फक्त ‘नव्वदपेक्षा लहान’.

बाई मला घेऊन संस्थेच्या कार्यालयात गेल्या. तिथले साहेब म्हणाले, “अहो, नव्वदपेक्षा लहान बरोबरच आहे ना? वाद कशाला?”

बाई म्हणाल्या, “तीससुद्धा नव्वदपेक्षा लहान आहे. घाला तीस. तिसरा कोन शंभर होतो. मग त्रिकोण लघुकोन राहिला कुठे? साहेब, दोन्ही अटी लागतात. एक पाळून दुसरी सोडता येत न्हाय.”

रागावल्या की बाईंच्या तोंडी घरची बोली यायची. साहेब हसले. त्या बोलीला हसले. मी तिथेच उभी होते.

मग कार्यालयातून निरोप आला. मुलीला गुपचूप मार्क देतो, तुम्ही तक्रार मागे घ्या. बाईंनी उलट कळवलं, एकटीला नको. ज्या ज्या पोरांनी बरोबर लिहिलंय, त्या सगळ्यांना द्या.

कुणालाच मिळाले नाहीत.

मी चिडले. चौलला त्यांच्या घरी जाऊन रडले. “बाई, माझे मार्क तुम्ही का घालवलेत?” बाई सुपाऱ्या सोलत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, “सफिया, ते मार्क दयेचे झाले असते गं. तुझं उत्तर बरोबर आहे. त्याला दया कशाला?”

पुढच्या जूनमध्ये बाईंचं गणित काढून घेतलं. पाचवीला कागदकाम शिकवायला लावलं. निवृत्तीपर्यंत, ऐका, निवृत्तीपर्यंत गणिताचा एक तास त्यांना दिला नाही. निरोप समारंभ? तोही नाही. आम्ही पोरं संध्याकाळी त्यांच्या पडवीत जमायचो. तिथे बाई खडू घेऊन जमिनीवर त्रिकोण काढायच्या. आजारपणात हात हलेनासा झाला, तेव्हा मी भेटायला गेले. बोलणं तुटक झालं होतं. विचारलं, “पोरांना... का... ते सांगतेस ना? नुसतं उत्तर न्हाय ना देत?” म्हटलं, सांगते बाई.

आणि आज हा हार. हा फोटो. मघाशी त्याच साहेबांच्या भाषणात ऐकलं, बाई संस्थेचं भूषण होत्या. कधीपासून, साहेब? काल वारल्या तेव्हापासून?

त्या वर्षीचे कितीतरी शिक्षक, पालक इथे बसलेत. बाई बरोबर आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं. स्टाफरूममध्ये तुम्ही ते बोलतही होता. दार लावून.

बाई, तुम्हाला सलाम.

आता श्रद्धांजलीसाठी उभे राहू या. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. जड जाऊ नये. बाई भांडत होत्या तेव्हा वर्षभर जमलं होतं.