मी काहीही दाबलं नव्हतं

...नाही, पण मी म्हणतो, मी काहीही दाबलं नव्हतं. हे आधी लिहून घ्या. कारण त्या दोन दिवसांत मला भेटलेल्या प्रत्येक माणसाने हाच प्रश्न विचारला, "काय दाबलंत?" अहो, काय दाबणार? एकतीस वर्षं मुद्रितं तपासतोय मी, छापायला जाणाऱ्या पानांतल्या चुका पकडणं हा माझा धंदा, मी बोट ठेवतो ते चुकीवर, भलत्या बटणावर नाही. तो संगणक रोज विचारायचा, "नवीन अपडेट आलं आहे, आत्ता की नंतर?" मी रोज "नंतर". सत्तेचाळीस दिवस, मोजलेत मी, सत्तेचाळीस दिवस "नंतर", कारण जे चाललंय ते बरं चाललंय ना? तुम्हीच सांगा, एखादा अनोळखी माणूस रोज दारात येऊन "आत येऊ का, आत येऊ का" म्हणायला लागला, तर तुम्ही त्याला पाणी विचाराल की कडी लावाल?

तर मंगळवारी दुपारी जेवलो, टेबलाशी बसलो, समोर दोन स्क्रीन. उजवीकडे लॅपटॉप, डावीकडे तो मोठा मॉनिटर, दोन वर्षांपूर्वी हौसेने आणलेला. मॉनिटरवर मूळ मजकूर, लॅपटॉपवर जुळवलेली पानं, ओळीला ओळ लावून बघायची. जरा नजर विसावायला डोळे मिटले. झोपलो नव्हतो, लक्षात घ्या, डोळे मिटून विचार करत होतो. आणि डोळे उघडतो तर लॅपटॉपवर निळा रंग, पांढरी अक्षरं, "सगळं तयार आहे. तुमचं स्वागत असो." माझं स्वागत? माझ्याच टेबलावर? आणि डावीकडे बघतो तर मॉनिटर काळाठिक्कर. मधोमध एक छोटी चौकट इकडून तिकडे तरंगतेय, "सिग्नल नाही". मला तेव्हाच वास आला. म्हटलं, यात काहीतरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, एका स्क्रीनवर काम करा. करा ना, तुम्ही करा. एकशे बारा पानांची पुस्तिका, औषधं कशी घ्यायची त्याची, एका मोठ्या दवाखान्यासाठी, बुधवारी पाच वाजता छापायला जाणार. आणि छापखान्याचे मालक, म्हणजे जुन्या मालकांचे चिरंजीव, मला काका म्हणतात, त्यांनी सोमवारीच फोनवर काय सांगितलं? अगदी मऊ आवाजात, "काका, मागच्या वेळी डाव्या गुडघ्याच्या चित्राखाली उजवा गुडघा गेला. त्याच्या आधीच्या वेळी एक अख्खा परिच्छेद दोनदा गेला. मी काही बोलत नाही. पण या वेळी चूक गेली ना, तर मग माझाही इलाज नाही. एक बाई येऊन भेटून गेल्यात, फार बारीक बघतात म्हणे." काही बोलत नाही म्हणाले आणि सगळं बोलले. एकतीस वर्षं, आणि एक बारीक बघणारी बाई. 

म्हणून तर माझा संशय पहिला त्या बाईंवर. आता त्या माझ्या घरात शिरून अपडेट कसं करणार, ते मला माहीत नाही. पण फायदा कुणाचा, ते बघायचं असतं की नाही?

बरं, मी उपाय सुरू केले. केबल काढली, फुंकर मारली, लावली. सिग्नल नाही. केबलचं हे टोक तिकडे, ते टोक इकडे. सिग्नल नाही. मॉनिटरच्या पोटाखाली चार बटणं आहेत, ती सगळी एकेक करून, मग दोन-दोन करून... म्हणजे ती दाबली, कबूल आहे, पण ती नंतर. आधी मी काहीही दाबलं नव्हतं. चौथ्या बटणाला मॉनिटर एका परक्या भाषेत बोलायला लागला. म्हणजे आता सिग्नल नाही हेसुद्धा मला कळेना.

मग कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन. आधी ती यंत्रातली बाई, गोड आवाजात, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." एवढा महत्त्वाचा आहे तर उचला ना. वीस मिनिटं सनई ऐकवली, माझ्या लग्नात एवढी वाजली नव्हती. मग एक तरुण गृहस्थ आले, "नमस्कार सर, मॉनिटरचं बटण चालू आहे का सर?" चालू आहे. "केबल लावलेली आहे का सर?" लावलेली आहे. "काढून परत लावता का सर?" अहो, जन्मात दात घासले नसतील इतक्या वेळा लावली. "सर, अपडेटच्या आधी आपण काही दाबलं होतं का?" झालं. मी म्हटलं, मी काहीही दाबलं नव्हतं, तुमच्याकडून झालंय ते. तर शांतपणे म्हणतो, "सर, परवानगी दिल्याशिवाय ते बसत नाही." म्हणजे मी खोटं बोलतोय? परवानगी कधी दिली, कुठे दिली, साक्षीदार कोण? "आपला अनुभव कसा होता ते कळवा सर," म्हणाला आणि गेला.

मी फोन ठेवला आणि घरात नजर फिरवली. घरात कोण? मी आणि ही. बस. आता मला सांगा, संशय कुणावर जाणार? ही स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात पुसायचं फडकं. फडकं. मी म्हटलं, "अगं, तू टेबल पुसलंस का दुपारी?" "नाही." "मॉनिटरला हात लावलास का?" "मी कशाला लावू? दोन वर्षांत लावलाय कधी?" म्हणाली आणि आत गेली. आता हे उत्तर सरळ आहे का? तुम्हाला सांगतो, बायको जेव्हा इतकं कमी बोलते ना, तेव्हा तिच्याजवळ बोलण्यासारखं पुष्कळ असतं.

शेवटी मेव्हण्याला बोलावलं, हिचा धाकटा भाऊ, लोकांचे संगणक दुरुस्त करतो. तो म्हणाला, "दाजी, उद्या संध्याकाळी येतो, त्याच्या आधी जमणार नाही. काय दाबलंत पण?" उद्या संध्याकाळी म्हणजे पाचनंतर. म्हणजे पुस्तिका गेल्यावर. हासुद्धा सामील असणार, मी मनात म्हटलं.

बुधवारी सकाळी बसलो एकाच स्क्रीनवर. सोमवारी एकदा सगळं तपासून झालं होतं, पण मालकांच्या त्या फोननंतर पुन्हा पहिल्या पानापासून बघायचं मी ठरवलं होतं. मूळ मजकूर बघ, तो झाक, पान उघड, मजकूर कुठे होता ते विसर, पुन्हा मागे जा. दहा वाजेपर्यंत नऊ पानं. नऊ. हिशोब करायला मला मेव्हणा लागत नाही, पाच वाजेपर्यंत तीसच्या आसपास झाली असती, उरलेली पानं रामभरोसे. खरं सांगतो, घाबरलो होतो मी.

आणि ही आली. खुर्ची ओढली. चष्मा पुसला. म्हणाली, "मूळ मजकूर माझ्या फोनवर पाठवा."

तुम्हाला आता हे सांगायला हवं, म्हणजे कळेल. मॉनिटर यायच्या आधी एकोणतीस वर्षं हे काम आम्ही दोघं करायचो. ही मूळ प्रत मोठ्याने वाचायची, खुणांसकट, "स्वल्पविराम, पूर्णविराम, नवीन परिच्छेद, कंस सुरू, कंस संपला," आणि मी छापलेल्या पानावर पेन्सिल घेऊन. भांडण झालेलं असलं तरी वाचायची, फक्त पूर्णविराम जरा जोरात यायचे. मॉनिटर आणला त्या दिवशी मी मोठ्या मनाने म्हटलं, "झालं, सुटलीस. तू आता आराम कर." ही काहीच बोलली नाही. मला वाटलं, आनंदाने.

तर बसलो. ती वाचतेय, मी बघतोय. पाच पानांत जुना ठेका सापडला. फोनचा स्क्रीन तळहाताएवढा, तो नाकाला लावून वाचत होती बिचारी, पण आवाज अडखळला नाही. दीड वाजता सदुसष्टावं पान. ती वाचते, "ही गोळी दिवसातून एकदाच घ्यावी, पूर्णविराम. उपाशीपोटी घेऊ नये, पूर्णविराम." मी म्हटलं, थांब. माझ्या पानावर पहिलं वाक्य आहे, दुसरं नाहीच. अख्खी ओळ जुळवताना गळलेली, आणि पुढची ओळ अशी चिकटून बसलेली की डोळ्याला खड्डाच दिसू नये. आणि खरं सांगू का, ते पान मी सोमवारी तपासलं होतं. दोन्ही स्क्रीन धडधाकट होते तेव्हा. शेजारी बरोबरची खूण केली होती मी, माझ्या हाताने. लोकांनी उपाशीपोटी गोळ्या घेतल्या असत्या, मी केलेल्या खुणेवर.

मी ती खूण पुसली, गळलेली ओळ घातली. ही म्हणाली, "पुढे वाचू?" म्हटलं, वाच.

पाचला दहा कमी असताना पुस्तिका पाठवली. साडेपाचला मालकांचा फोन, "काका, सदुसष्टची ओळ पकडलीत, ती पानं जुळवणाऱ्यालाही दिसली नव्हती. आता एक नऊशे पानांचं काम आलंय, तेही तुम्हीच बघा." त्या बारीक बघणाऱ्या बाईंचं नावही काढलं नाही. जीव भांड्यात पडला.

आणि मग उगवला मेव्हणा. बसला, खटाखट काहीतरी केलं, म्हणाला, "दाजी, अपडेटने नवीन ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारा प्रोग्राम, घातला होता, या मॉनिटरशी त्याचं पटत नाही. जुना परत बसवला." आणि लागला मॉनिटर. दहा मिनिटं. मी म्हटलं, ते असू दे, पण हे अपडेट आपोआप बसलं ना? सांग तुझ्या बहिणीला. तो स्क्रीनजवळ तोंड नेऊन वाचतो, "नाही दाजी, इथे नोंद असते. मंगळवार, दोन वाजून वीस मिनिटं. इथूनच मंजुरी दिलीये. एंटर दाबलंय कुणीतरी."

कुणीतरी. ऐकलंत? म्हणजे मी म्हणत होतो ते खरं. मी ताठ उभा राहिलो, म्हटलं, "मी काहीही दाबलं नव्हतं. त्या वेळी मी डोळे मिटून विचार करत होतो. मग दाबलं कोणी?" आणि मी हिच्याकडे बघितलं. असं रोखून.

ही म्हणाली, "तुमच्या गालाने."

मेव्हणा लगेच केबल गुंडाळायला लागला.

"गालाने?" "हो. डोकं टेकून घोरत होतात. गाल बरोबर त्या बटणावर. स्क्रीन निळा झाला, गोल गोल फिरायला लागला, मी दारातून बघत होते." मी म्हटलं, "अगं मग मला उठवायचं नाहीस का?"

"तुम्हीच म्हणाला होतात, आराम कर," ती म्हणाली. "मी आराम करत होते."

  लाज वाटली मला, मेव्हण्यासमोर वाटली, हिच्यासमोर जास्त वाटली. दोन दिवस मी त्या बाईंवर संशय घेतला, कंपनीवर घेतला, फडक्यावर घेतला, आणि चोर माझ्याच चष्म्याखाली. शेवटी म्हटलं, "बरं, चुकलं माझं. तेव्हाही चुकलं. नऊशे पानांचं काम आलंय. वाचशील का?"

ती लगेच हो म्हणाली असं वाटतं तुम्हाला? तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वाचीन. पण फोनवर डोळे दुखतात माझे," म्हणाली, आणि भावाकडे वळून, "तो मोठा मॉनिटर माझ्या बाजूला फिरव रे."

तेव्हापासून घरात शांतता आहे. मॉनिटर? उत्तम चालतो हो, एकदाही तक्रार नाही. तो आता तिच्याकडे तोंड करून बसतो. मला मागची बाजू दिसते, तिथे वायरी आहेत आणि थोडी धूळ आहे. ती वाचते, मी बघतो. दुपारी जेवणानंतर मला खुर्ची टेबलापासून दोन हात मागे घ्यायला लावते. आणि संगणकाने पुन्हा विचारलं की "आत्ता की नंतर," तर तो तिला विचारतो. मी... मी काहीही दाबत नाही.