रंगाऱ्याने मूठ आवळल्याच्या नोंदीबाबत

मी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, वय २२ वर्षे, धंदा शिक्षण, राहणार नर्सिंग कॉलेजचे वसतिगृह, तिसरा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीसोबत एका खोलीत राहते. ती माझ्याच वर्गात आहे. ती हुशार म्हणून पुढे आली असं नाही, मी मागे राहिले. गेल्या वर्षी मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांच्या पेपरात मी नापास झाले. घरी तिला लहानपणापासून शहाणी म्हणतात. मला नुसतं ताई म्हणतात.

आम्हा दोघींची ड्यूटी सध्या डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या वॉर्डात आहे. परवा सकाळी अकराच्या सुमारास एका रंगाऱ्याला बेशुद्ध अवस्थेत आणलं. वय अंदाजे चाळीस. इमारतीला रंग देताना शिडीवरून पडले होते. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता, तोही रंगारी. त्याच्या शर्टाला एका बाजूने ओला रंग लागला होता. भरती करताना मी त्याला विचारलं, कसे पडले. तो म्हणाला, "सिस्टर, दादाचा आधी डावा हात थडथड उडायला लागला, तोंड वाकडं झालं. मी कमरेला धरलं, पण वजन झेपलं नाही." म्हणजे आधी आकडीचा झटका आला आणि मग ते पडले. मी हे पेशंटच्या कागदावर पहिल्या पानावर लिहिलं. अक्षर माझं आहे. ते कोणी वाचलं की नाही, मला सांगता येणार नाही. वाचलं असतं तर मी आज इथे नसते.

काल दुपारी साडेबाराला आपल्याकडचे हवालदार वॉर्डात आले. रस्त्यावरच्या एकाने भावाचे हात रंगाऱ्याच्या अंगावर पाहिले होते. दोघा भावांची आठवडाभर बोलाचाल बंद होती, असं रंगाऱ्याच्या बायकोने सांगितलं. मोठे डॉक्टर परगावी गेले होते, छोटे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. हवालदारांनी विचारलं, पेशंट काही सांगू शकतो का. त्यावर माझी बहीण पुढे झाली. तिने पेशंटच्या उजव्या तळहातात आपली दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "काका, ऐकू येत असेल तर माझा हात धरा." त्यांनी धरला. मग बायकोने रडत विचारलं, "भावजींनी ढकललं का हो तुम्हाला?" पेशंटने मूठ आणखी आवळली.

मी खाटेच्या पायाशी, तीन फुटांवर उभी होते. बहिणीने वेळ टाकून लिहिलं, पेशंट सूचना पाळतो, आणि सही केली. इनचार्ज बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "याला म्हणतात नर्स." माझ्याकडे बघून म्हणाल्या की काय, ते मला नक्की सांगता येत नाही. मला तसं वाटलं. संध्याकाळी भावाला ताब्यात घेतल्याचं कळलं.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, ते मूठ आवळणं म्हणजे उत्तर नव्हतं. तान्ह्या बाळाच्या तळहातात बोट दिलं की ते मूठ मिटतं, त्याला काही विचारावं लागत नाही. डोक्याच्या पुढच्या भागाला मार बसला की मोठ्या माणसाचंही तसं होऊ शकतं. म्हणून नुसतं "धरा" म्हणून भागत नाही, "सोडा" म्हणायचं. सोडलं तर समजलं. बहिणीने सोडा म्हटलं नाही. तिने तो धडा एकदा वाचला आहे. मी दोनदा वाचला आहे, नापास झाल्याचा तेवढा एक फायदा. ती जेवायला गेल्यावर मी स्वतः हात दिला आणि चार वेळा "सोडा" म्हणाले. सोडला नाही. माझी बोटं मला ओढून काढावी लागली.

मी ते कोणालाही सांगितलं नाही. का, असं विचारल्यावरून सांगते की, माझ्या पोटात दुखत होतं. हे असंच लिहा. सगळे तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते आणि मला ती अजून वर चढायला हवी होती. आज दुपारी मोठे डॉक्टर परत येणार, सगळ्यांसमोर "सोडा" म्हणणार आणि तिचं तोंड एवढंसं होणार, ते मला बघायचं होतं. भाऊ कोठडीत आहे हे मला माहीत होतं. त्या नोंदीमुळे पेशंट सुधारतोय असं धरून त्यांची तपासणी दर तासाऐवजी दर चार तासांनी होऊ लागली, हेही माहीत होतं. मी दर तासाला त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघून येत होते, पण गुपचूप. खोलीवर आल्यावर बहिणीने विचारलं, "ताई, मी बरोबर केलं ना गं?" मी म्हटलं, "तू शहाणीच आहेस."

आज सकाळी नऊ वाजता मी वॉर्डात गेले तेव्हा रंगाऱ्याची बायको खाटेजवळ बसून त्यांच्या हातात हात देऊन एकेक गोष्ट विचारत होती. उशी बदलू का. त्यांनी आवळलं. आईंना बोलावून घेऊ का. आवळलं. मग ती म्हणाली, "मी तुम्हाला कधी सुख दिलं नाही, असं वाटतं का हो तुम्हाला?" त्यांनी आवळलं. तिने हात काढला नाही. मान खाली घालून "बरं" एवढंच म्हणाली. मी तिथून इनचार्ज बाईंकडे गेले, त्यांना सगळं सांगितलं आणि तशीच इकडे आले.

माझ्यावर विश्वास ठेवा, असं माझं म्हणणं नाही. डॉक्टरांना घेऊन जा आणि त्यांना "सोडा" म्हणायला सांगा. पहिलं पानही वाचा. भाऊ ढकलत नव्हता, धरत होता, असं त्याने मला सांगितलं होतं, आणि तेव्हा त्याच्यावर कोणाचा संशयही नव्हता.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. शेवटी त्यांनी "बहिणीविषयी माझ्या मनात कसलाही आकस नाही" असं वाक्य घातलं होतं. ते मी खोडायला सांगितलं. हवालदार म्हणाले, राहू द्या, नाहीतर जळून बोलली म्हणतील आणि तो भाऊ आतच राहील. मी म्हटलं, जळूनच गप्प बसले होते, बोलले ते जळून नाही. वाक्य खोडून तिथे माझी सही घेतली आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलं असून खरं आहे.