शांताच्या वाट्याचं उत्तर मी दिलं

मंडळी, बसा. मागं उभे आहात त्यांनीही बसा, माझं लवकर आटपत नाही. हा कागद नातीनं लिहून दिला. मी सांगितलं, तिनं लिहिलं. पण मले वाचता येत नाही, म्हणून नुसता हातात धरला आहे. शांता माझी धाकटी जाऊ. या वलगावात चाळीस वर्षं आमी एका चुलीवर भांडलो. तिच्यावर बोलायचं म्हणजे जड जाते. ती असती तर मधातच म्हणाली असती, "बाई, पुरे करा."

पण एक चूक सांगायची आहे. माझी आहे.

तीन वर्षांमागं आशाताई टॅब घेऊन घरी आली. विसरण्याचा आजार लवकर सापडावा म्हणून म्हाताऱ्यांची तपासणी होती. टॅब मराठीतच प्रश्न विचारे. आज कोणता वार? शांतानं सांगितलं. मग विचारलं, तुमच्या नवऱ्याचं नाव काय? शांतानं पदर ओढला अन् खाली पाहून हसली. आमीही हसलो. आमच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेते का? मी म्हनलं, "लाजून राहिली वं ते. वसंत लिही." माझाच दीर, मले काय लाज? पुढच्या दोन प्रश्नांलेही मीच बोलली. टॅब म्हणे, सगळं ठीक.

ती लाजली नव्हती, मंडळी. तिले नाव आठवत नव्हतं.

वर्षभरानं चांदूर बाजारात ती भर गर्दीत उभी राहिली, अन् घर कुठं ते सांगता येईना. तेव्हा तिच्या लेकीनं, मीनानं, तिले अकोल्याले नेलं. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर आधी आणलं असतं तर आठवण जास्त दिवस हाताशी राहिली असती." मी तिथंच बसली होती. माझ्याकडं कोणी पाहिलं नाही. पाहायले पायजे होतं.

मग रोजच्या कामांच्या सरावासाठी दवाखान्यातून घरी दुसरा टॅब आला. चहा करायचा तर एकेक चित्र दाखवे अन् बोले. पातेलं घ्या. पाणी ओता. गॅस बंद करा. शांता चिडे, "काहून सासूसारखी मागं लागली हे?" मी म्हनलं, "सासू तरी मेली. हे चार्जिंग केलं का पुन्हा उठते." हसली बापा, पोट धरून हसली.

आजार गेला नाही. जाईल असं डॉक्टरनं सांगितलंही नव्हतं. पण मागच्या दिवाळीत तिनं मले विचारलं, "तुमी कोणाच्या वं?" अन् मी रडायच्या आधी तिनं आपल्या हातानं चहा करून पुढं ठेवला. साखर बरोबर होती.

असे चहा आणखी झाले असते. ते वर्ष मी खाल्लं.

आशाताई मागं बसली आहे. सभा झाली का टॅबपुढं पहिली मी बसणार. मीना, मी अडखळली तर तोंड उघडू नको. तुमीही आपापल्या म्हाताऱ्यांले बसवा, अन् बाजूले गप्प राहा. सोपं वाटते? मले तर जन्मात जमलं नाही.

आता उभे राहू. दोन मिनिटं. शांते, आता तुझ्या वतीनं कोणी बोलत नाही.