व्याळाचे डोळे कुणाचे

मंडळी, आज नमन थोडं मागं ठेवतो आणि आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर येईल त्यानं हात वर करायचा. लाजायचं नाही.

आपल्या गणपतीबाप्पाला शीर कुणाचं? हत्तीचं! वा. एवढं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. आता पुढचं सांगा. त्या हत्तीचं नाव काय?

का हो, गप्प का झालात? आत्ता तर सगळे पुढे सरसावून बसला होतात!

पोथ्या चाळल्यात तर चार ठिकाणी चार उत्तरं निघतील, ते शास्त्रीबुवांकडं सोपवू. मी तुम्हाला-मला काय ठाऊक आहे ते विचारतोय. जन्मभर मोदक खाल्ले, जन्मभर आरत्या म्हटल्या, आणि ज्यानं डोकं दिलं त्याचं नाव एकाच्याही तोंडी नाही.

बरं, अशी जोडलेली रूपं फक्त आपल्याकडंच आहेत असं समजू नका. मिसर म्हणजे इजिप्त देशात वाळवंटात सिंहाच्या धडावर माणसाचं तोंड आहे. यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, कथांत कमरेपर्यंत माणूस आणि खाली घोडा. दर्यावर्दी लोकांना विचारा — अर्धी बाई, अर्धी मासोळी! आणि आपला नरसिंह तर खांब फोडून बाहेर आला. जिथं जिथं माणूस राहिला, तिथं त्यानं याचं अंग त्याला जोडून पाहिलं. का बरं? मला वाटतं, एकट्याच्या बळावर कुणी पुरा होत नाही हे त्याला आतून ठाऊक होतं. मग आजचा प्रश्न असा, की दुसऱ्याकडून घेतलेलं आपलं कधी होतं? घेतलं त्या दिवशी? वापरून वापरून जुनं झालं म्हणजे? की आणखी काही करावं लागतं? ऐका.

एक गाव होतं. नाव सांगत नाही. तिथले दोन जावई समोरच बसलेत, उगाच कीर्तन राहील बाजूला! तर त्या गावात महादेवाचं देऊळ उभं राहत होतं. भिंती झाल्या, छत झालं, आता गाभाऱ्याच्या दाराशी राखण करायला व्याळ बसवायचा होता.

व्याळ म्हणजे काय? जुन्या देवळात पाहिला असेल तुम्ही. सिंहाचं अंग, हत्तीची सोंड, मेंढ्याची शिंगं, घारीचे पंख, घोरपडीची शेपूट. देवाच्या दारातला पहारेकरी. तो घडवायचं काम आलं बहिरू पाथरवटाकडं. वय तिशीचं, हातात कसब असं की त्याच्यापुढं दगड शहाण्यासारखा वागायचा. तोंड मात्र कडू. बोलणं थोडं, आणि जे बोलायचा तो हुकूम!

बहिरूनं तोवर वेलबुट्टी कोरली होती, खांब घडवले होते. जिवंत रूप हे पहिलंच. त्याचा गुरू गोंदाजी, सत्तरी ओलांडलेला, त्यानं आधीच बजावलं होतं, "बहिऱ्या, ह्यो यवस्थित झाला तर माजी हत्यारं तुजी. पर रीत इसरायची न्हाई."

रीत काय होती? त्या पाथरवटांत असं होतं, की व्याळ घडवायचा तर प्रत्येक अंग उसनं मागून घ्यायचं. सोंड कोरायची तर हत्तीपाशी जायचं, आपल्या हातानं घास भरवायचा, सोंडेवरून पाण्याचा हात फिरवायचा आणि म्हणायचं, "तुजं अंग उसनं घेतो, देवाच्या दारात ठिवतो." काम संपलं, की डोळ्यांत बुबुळ कोरण्याआधी अख्ख्या गावापुढं उभं राहायचं आणि कुठलं अंग कुणाचं ते नावानिशी सांगायचं. पहिल्यांदा ज्या नावानं हाक मारली गेली, तेच नाव. एक जरी राहिलं तर बुबुळ कोरायचं नाही. दगड पालथा घालून पायरीला लावायचा, लोकांनी त्याच्यावर पाय देऊन जायचं. आणि घडवणाऱ्यानं पुन्हा मूर्तीला हात लावायचा नाही. जन्मभर पायाभरणीचे धोंडे फोडत बसायचं! बहिरूला याच एका गोष्टीची धास्ती होती.

म्हणून त्यानं रीत पाळली, अगदी काटेकोर. एका मठाची हत्तीण वाटेनं चालली होती, लक्ष्मी नावाची. तिच्यामागं हा दोन मुक्काम चालत गेला, गुळाचा खडा भरवून आला. धनगराचा एडका होता सर्जा, त्यानं घास खाल्ला आणि वर ढुशी दिली. घारीला हाक कोण मारणार? यानंच नाव ठेवलं, आकाशी. घोरपडीलाही नाव ठेवलं, गुंजी, पण तिनं घास घेईपर्यंत हा तीन दिवस बिळापाशी पालथा पडून होता!

आणि सिंह? त्या मुलखात सिंह कुठला हो? मग पाटलांचा कुत्रा वाघ्या, त्यालाच भाकरी घातली. त्यामुळं झालं काय, व्याळाची छाती सिंहाची आली, पण बसणं मात्र भाकरीची वाट बघणाऱ्याचं. हसू नका, आजही... जाऊ द्या, गावाचं नाव निघेल.

दगड होता मंडपात, आत. बाहेर घडवून उचलून आत नेताना शिंग मोडलं म्हणजे? म्हणून जागेवरच घडवायचा. पण आत अंधार. दिवा लावावा तर काजळी धरते आणि सावल्या नाचतात. मग उजेड कसा आणायचा? बहिरूची बायको सगुणा दाराबाहेर उन्हात उभी राहायची. हातात घासून लखलखीत केलेली पितळी परात. परातीवरचं ऊन ती आत दगडावर टाकायची. सूर्य सरकला की तीही सरकायची. सकाळपासून ऊन कलेपर्यंत! परातीची झळ थेट डोळ्यांवर यायची. पापण्या अर्ध्या मिटायच्या, डोळ्यांतून पाणी वाहायचं. पुसणार कशानं? दोन्ही हात परातीला. आणि आतून बहिरूचा आवाज यायचा, "हलू नगंस. उजेड हलतुय."

सव्वा वर्ष, मंडळी. सव्वा वर्षात तो तिच्याशी बोलला ते एवढंच. आपलं बरं आहे, आपण घरी बायकोशी पुष्कळ बोलतो... काय हो काका, मान का खाली?

मुहूर्ताचा दिवस उगवला. भर दुपारचा मुहूर्त. मंडपात पाऊल ठेवायला जागा नाही. बाहेर सगुणा परात धरून उभी, उजेडाची तिरीप बरोबर व्याळाच्या तोंडावर. बहिरू उभा राहिला, छाती पुढं काढून एकेक नाव सांगू लागला. "अंग वाघ्याचं." लोकांनी मान डोलावली. "सोंड लक्ष्मीची. शिंगं सर्जाची. पंख आकाशीचं. शेपूट गुंजीची." आणि त्यानं छिन्नी उचलली.

"थांब." गोंदाजी काठी टेकत पुढं आला. त्यानं व्याळाच्या पापण्यांवरून अंगठा फिरवला. "डोळं कुनाचं?"

बहिरू गोंधळला. डोळे त्यानं कुणाकडून मागितलेच नव्हते. हात चालत होता, ते आपोआप उमटत गेले होते. तो म्हणाला, "डोळं माजं. म्या घडवलं."

"तुजं?" म्हातारा हसला. "व्याळाचं डोळं वटारल्यालं असत्यात. ह्ये मिटत आल्यात, तरी बगायचं थांबत न्हाईत. येवडा धीर तुज्या डोळ्यात कवा आला, बहिऱ्या? नाव सांग. न्हाईतर पहार मागवतो."

लोक हसले. दोन गडी खरंच पहार घेऊन पुढं आले. दगड आता पालथा होणार! त्याला लक्ष्मीचे डोळे आठवले, सर्जाचे आठवले. एकही जुळेना. तेवढ्यात दगडावरची तिरीप किंचित थरथरली. सवयीनं त्याच्या तोंडात आलं, 'हलू नगंस'. म्हणायला म्हणून त्यानं मान वळवली, आणि उजेड येत होता तिकडं पाहिलं.

ती उन्हात उभी होती. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, पाणी हनुवटीपर्यंत ओघळलेलं, आणि तरी डोळे दाराकडं लागलेले. बहिरूनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा दगडाकडं. मंडळी, त्याला स्वतःची लाज वाटली. दात विचकणाऱ्या कुत्र्यासमोर बसून ज्यानं भाकरी भरवली, घोरपडीच्या बिळापाशी जो तीन दिवस पडून राहिला, त्यानं हिला सव्वा वर्षात पाणीसुद्धा विचारलं नव्हतं!

विधीची टोपली तिथंच होती. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर गूळ ठेवला, पाण्याचा तांब्या घेतला आणि गर्दीतून वाट काढत बाहेर आला. तो काळ ध्यानात घ्या. चारचौघांत नवरा-बायको एकमेकांकडं बघायचेसुद्धा नाहीत. आणि हा घास घेऊन तिच्यासमोर उभा!

"अवो, ह्ये काय?" ती म्हणाली. "बाजूला व्हा, उजेड अडतुय."

"घास घे."

"मला घास? म्या काय जनावर हाय व्हय?"

"न्हाई गं. डोळं तुजं घेतलं. इचारायचं ऱ्हायलं."

तिनं परात तशीच धरून ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "सव्वा वरसानं दिसलं?"

"व्हय. आत्ता दिसलं."

"आन् म्या न्हाई म्हनलं तर?"

"तर दगुड पायरीला लागंल. तुजी काय चूक न्हाई त्यात." बहिरूनं हे मनापासून म्हटलं. सांगा बरं, हे म्हणायला केवढी छाती लागत असेल! सव्वा वर्षाचं काम, जन्माची विद्या, सगळं तिच्या एका शब्दावर ठेवलं त्यानं.

सगुणानं परात खाली ठेवली आणि तोंड उघडलं. घास खाल्ला. बहिरूनं तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि तिच्या पापण्यांवरून ओला हात फिरवला. रीतच होती ती. पण तो हात दगडावर चालायचा त्याहून हलका होता, आणि तिच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं. या वेळी परातीची झळ नव्हती.

आतून गोंदाजी ओरडला, "बहिऱ्या, नाव! आईनं ठिवल्यालं!"

आता आली का पंचाईत! सगुणा हे नाव सासरचं. लग्नात तांदळावर लिहिलेलं, बहिरूच्या आईनं निवडलेलं. तिच्या आईनं काय ठेवलं होतं? अकरा वर्षांचा संसार, आणि याला ठाऊक नाही. मान खाली घालून त्यानं विचारलं, "तुजं नाव काय?"

तिनं ते नाव आधी स्वतःशीच म्हणून पाहिलं. अकरा वर्षांत कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. मग म्हणाली, "गोजा."

"गोजा," तो म्हणाला, आधी तिच्यापुरतं. मग वळला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "डोळं गोजाचं!"

गोंदाजीनं पहारवाल्यांना मागं सारलं. पण आत अंधार झाला होता. गोजा परात उचलायला वाकली, तशी पाटलीणबाईंनी तिचा हात धरला. "तू बस गं. लई हुबी ऱ्हायलीस." आणि बाई घराकडं पळत सुटल्या. त्यांच्यामागं आणखी दहाजणी पळाल्या. कुणी परात आणली, कुणी ताट, कुणी पाण्याची घागरच. देवळाच्या दारात बायकांची रांग लागली आणि आत इतका उजेड पडला की तसा कधी पडला नव्हता. त्या उजेडात बहिरूनं दोन्ही बुबुळं कोरली.

मग त्यानं गोजाला हाताला धरून आत आणलं. सव्वा वर्ष जिनं उजेड दिला, तिनं घडलेलं रूप त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं! बाहेरच्या उन्हातून तिला आतला अंधारच तेवढा दिसायचा. तिनं वरपासून खालपर्यंत निरखलं आणि म्हणाली, "ह्यो वाघ्यावानी बसलाय की वो!" सगळा मंडप हसला. बहिरूही हसला, आणि हसता हसता त्यानं तिला नमस्कार केला.

मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही कोण आहात? सांगा ना! चालणं बापाचं, नाक आजीचं, अक्षर कुण्या गुरुजींनी घोटून दिलेलं, जेवणाची चव कुण्या माउलीनं लावलेली. आपण सगळे जोडलेलेच आहोत, आणि म्हणतो काय? "म्या घडवलं!" घेतलेलं आपलं कधी होतं, असं मी विचारलं होतं. ज्यानं दिलं त्याच्यापाशी जाऊन त्याचं नाव घेता आलं, की होतं.

मी मोठा शहाणा म्हणून हे सांगत नाही. हा गळा, ज्यावर माझं पोट चालतं, तो माझ्या आईचा. जात्यावर गायची ती. मी तिला आई म्हणायचो, वडील "अगं" म्हणायचे, गाव रखमाबाई म्हणायचं. ती गेली. दहाव्याला पिंड ठेवला, कावळा शिवेना. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. मग माझा म्हातारा मामा पुढं आला आणि त्यानं हाक मारली, "चिमे, जेव गं बाई." कावळा आला. मी शेजारच्याला विचारलं, "ही चिमी कोण?"

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी ती अजून आहे. आज कीर्तन इथंच थांबवतो. आरती नंतर करू, देव रागवायचा नाही. उठा, घरी जा, हातात एक घास घ्या, आणि तिला तिचं नाव विचारा.