शेवटचं शून्य

२००९ साली माझी दाढ फार दुखत होती. तेव्हा लोक दवाखान्यात कानांत काही खुपसून बसत नसत, त्यामुळे शेजारच्यांचं बोलणं आपसूक ऐकू यायचं. माझ्या शेजारी एक तरुण जोडपं बायकोच्या ऑफिसचा लॅपटॉप उघडून बसलं होतं. ती नवऱ्याला शिकवत होती.

“समोरचा बोर्ड बघ. पहिल्या कॉलममध्ये डॉक्टरचं नाव, तिसऱ्यात खोली. नाव दिलं की खोली शोधून द्यायची. एक्सेलमधलं व्हीलूकअप म्हणजे एवढंच.”

“मग मी बोल्ट विचारला तर हा वॉशरचा भाव का सांगतोय?”

“फॉर्म्युल्याच्या शेवटी शून्य टाकलंस?”

“त्यानं काय होतं?”

“शून्य टाकलं की तंतोतंत तेच शोधतो. नसलं तर नाही म्हणतो. नाही टाकलं, तर आसपासचं काहीतरी गळ्यात मारतो.”

“लबाडच आहे की!”

“लबाड कसला? माझी आईही उंच, डॉक्टर, एकुलता एक मुलगा शोधत होती.”

“मग?”

“तू आलास.”

“म्हणजे सासूबाई शून्य विसरल्या!”

“हसू नकोस. उद्याच्या परीक्षेत तू विसरलास, तर कारकुनाची जागा गेली. परत गोदामात खोकी उचल.”

“नाही विसरणार. पण सासूबाईंनी शून्य टाकलं असतं तर?”

“तर उत्तरच आलं नसतं. बसले असते अजून माहेरी.”

तो पास झाला आणि आज त्या गोदामाचा प्रमुख आहे. ती कॉम्प्युटरचे क्लास घेते. माझी नात तिच्याकडेच शिकली, म्हणून मला हे कळलं. तिची आई आता त्यांच्याकडेच राहते आणि असाच जावई आपण शोधत होतो, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.