राघूच्या शेपटीवरची सही

सन्माननीय अध्यक्ष सरपंच रामकिसनराव, तालुक्याहून मुद्दाम आलेले शिक्षण खात्याचे साहेब, ज्यांना आज आपण निरोप देतोय ते सास्तूरच्या शाळेचे हेडमास्तर शांतलिंग गुरुजी, आणि समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबहिणींनो, पोरांनो, सर्वांना मुनवर मंजनवाल्याचा सलाम.

अध्यक्षांचा हुकूम आहे की, "मुनवर, तुझा राघू छाप सरकारात रजिस्टर कसा झाला ते सांग, जरा करमणूक होईल." हुकूम शिरसावंद्य. पण इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या. गुरुजी उद्या सकाळच्या गाडीनं लेकाकडं गुलबर्ग्याला चालले. मला बोलायला आजचाच दिवस आहे.

बाभळीचा कोळसा, खडेमीठ, लवंग. माझं मंजन तुमच्या दातांना ठाऊक आहे, मी काय सांगावं? बारा वर्षं आठवडी बाजारात पोतं अंथरून विकलं. पुडीवर सोलापुरात छापलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर लाल चोचीचा हिरवा राघू. बायका माझं नाव घेत न्हाईत, "राघूचं द्या" म्हणतात. दोन वर्षांमागं एका परगावच्या व्यापाऱ्यानं हाच राघू आपल्या पुडीवर चढवला, आणि सत्तावन्न सालापासून राघू आपलाच म्हणून मुंबईला अर्जही ठोकला. मी मुंबईत वकील गाठला. ते म्हणाले, "तुमचा राघू त्याच्या आधीचा असेल तर तारखेचा कागद आणा." आता पोत्यावर मंजन विकणाऱ्यानं कुणाला पावती दिली हो? माझी झोपच उडाली.

मग आठवलं. पोरं त्या चिठ्ठ्या वह्यांवर चिकटवायची. गुरुजींना ते अजिबात खपायचं न्हाय. "वही आहे ही, दुकानाची भिंत न्हाय," म्हणायचे, आणि वर दुसरी चिकटवू नये म्हणून राघूवरून आडवी सही ठोकून खाली तारीख घालायचे. साहेब, हे तुमच्या खात्याच्या नियमात बसतं का? नसंल बसत. पण त्याच सहीनं मला तारलं.

घरोघर फिरलो. साऱ्या वह्या रद्दीत जाऊन शेंगदाण्याच्या पुड्या झालेल्या. एकच उरली होती, गुरुजींच्या पेटीत. त्यांच्या लेकीची, सिद्धम्माची. चौथीत होती, पुढच्या साली तापानं गेली, तुम्हा सर्वांना ठाऊकच आहे. पुठ्ठ्यावर तिच्या हातानं लिहिलेलं तिचं नाव, खाली राघू, राघूच्या शेपटीवरून गेलेली बापाची सही, सात ऑगस्ट चोपन्न. गुरुजींनी धोतराच्या सोग्यानं वही पुसली आणि म्हणाले, "नीट परत आण, मुनवर."

वही घेऊन मुंबईला गेलो. वकील म्हणाले, अख्खी वही कशाला, पुठ्ठा पुरे. म्या ब्लेडनं पुठ्ठा कापला. कुणी बळजबरी केली न्हाय. गुरुजींना एक कार्ड टाकून विचारलं असतं तर चार दिवस गेले असते, पण मला तेवढा दम निघाला न्हाय. पुठ्ठा कायमचा फायलीला लागला. उरलेल्या पानांना नवं खाकी कव्हर घातलं, वही गुरुजींच्या हातात ठेवली आणि पळालो. त्याला आठ महिने झाले. ते समोरून येताना दिसले की मी रस्ता बदलतो. वही त्यांनी उघडली असणारच. पण मला एक शब्द बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मंगळवारी मुंबईचा कागद आला, राघू माझा झाला. गावानं हार घातला, मला त्याची लाज वाटली. पुठ्ठा परत मिळावा म्हणून तीन अर्ज टाकलेत. चौथाही टाकीन, पण खरं सांगतो, भरवसा वाटत न्हाय.

अध्यक्षसाहेब, करमणूक काही झाली न्हाय. तरी आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार आहेत. बोलण्यात वेडंवाकडं गेलं असंल ते सभेनं पदरात घ्यावं. वहीची माफी मात्र सभेच्या हातात न्हाय.

गुरुजी, मी वहीचं काढल्यापासून तुमची मान खाली आहे. एकदा वर बघा. रागानं बघितलं तरी चालेल. म्हंजे मला खाली बसता येईल.