वायरलेस दिसेना तेव्हा

आमच्या कुंडल गावात माझी काय फजिती झाली ते ऐका. ताईचा जुना लॅपटॉप लय रेंगाळायचा, म्हणून मी आदल्या दिवशी त्याला नवी बॅटरी बसवली आणि लिनक्सही टाकलं. सकाळी बघतो तर वायफाय गायब. आणि अकराला तिची ऑनलाइन मुलाखत, साताऱ्यातल्या कारखान्यात देखभाल विभागासाठी. त्यातली चाचणी लॅपटॉपवरच द्यायची होती.

मी कमांडवर कमांड मारतोय. आधी वाटलं ड्रायव्हरचा घोळ, पण लॅपटॉपच्या भागांच्या यादीत वायरलेस कार्डाचं नावच नव्हतं. ताई नुसती घड्याळाकडं बघतेय. तेवढ्यात शेजारचे अण्णा आले. सगळी नोकरी सैन्यात वायरलेस सेटवर केलेला माणूस.

"काय झालं रं?"

"आवं अण्णा, मशिनीला वायरलेस कार्डच दिसंना."

"तू बघितलंस का उघडून?"

उघडलं, तर कार्ड निम्मं बाहेर आलेलं. बॅटरी बसवताना माझाच धक्का लागला होता. अण्णांनी खोडरबरानं कार्डाची टोकं पुसली, ते नीट दाबून बसवलं. लॅपटॉप चालू केला आणि वायफाय हजर. अकराला दोन मिनिटं कमी होती.

पहिलाच प्रश्न आला, "अलीकडं एखादा बिघाड दुरुस्त केलाय?"

ताई म्हणाली, "आत्ताच झाला, पण मी नाही केला. आमच्या अण्णांनी केला." आणि तिनं सगळं सांगितलं.

मुलाखत घेणारे साहेब हसले. "बोलवा बघू त्यांना."

अण्णांनी कॅमेऱ्यासमोर कडक सलाम ठोकला. "साहेब, पोरगी खरं बोलती. घ्या तिला."

आणि घेतलं की.